दुसरा आला, तो जिंकला

दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी कुठल्याही सोसायटीत दोन घरं अशी सापडतात. एका घरी मुलीला ९१ टक्के पडलेले असतात आणि आई पदराने डोळे पुसत असते, कारण घरात ९५ धरले होते. समोरच्या घरी चिरंजीव ५८ टक्क्यांनी सुटलेले असतात आणि पेढ्यांचा बॉक्स जिन्यातून वर-खाली फिरत असतो, कारण तो पास होईल की नाही यावरच पैजा लागल्या होत्या. यात गैर काही नाही, घरचा मामला आहे. पण उद्या अकरावीच्या प्रवेशयादीत हा ५८वाला त्या ९१वालीच्या वर लागला आणि कारण विचारल्यावर ‘त्याने अपेक्षेपेक्षा चांगली कामगिरी केली’ असं उत्तर मिळालं, तर आपण कोर्टात जाऊ.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडताना गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत हे पुन्हा पुन्हा झालं आहे, आणि ही यादी लावणारे बातमीदार आहेत.

१९७२ सालचं बघा. एडमंड मस्की हे मेन राज्याचे सिनेटर, डेमोक्रॅटिक पक्षातले त्या वर्षीचे सगळ्यात वजनदार इच्छुक. न्यू हॅम्पशायर त्यांचं शेजारचं राज्य. तिथल्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी लोक करतात त्या मतदानात, त्यांना ४६ टक्के मतं पडली, दुसऱ्या क्रमांकावरच्या जॉर्ज मॅकगव्हर्न यांना ३७. नऊ टक्क्यांचं अंतर. आपल्याकडे एवढ्यावर गुलाल उधळून मंडळी घरी गेली असती. पण मतदानाच्या आधीपासून एक आकडा फिरत होता: ५० टक्के. शेजारचा माणूस आहे, निम्मी मतं तरी पडायलाच हवीत. हा आकडा कुठल्या कायद्यात नव्हता, पक्षाच्या नियमांत नव्हता. मस्कींच्याच गोटातल्या बोलण्यातून तो बाहेर आला आणि पत्रकारांनी त्याचा पक्का दगड करून रस्त्यात रोवला. निकाल लागल्यावर मस्की त्या दगडाला अडखळून पडले, अशी बातमी झाली. पहिला आलेला माणूस हरला आणि दुसऱ्याने मुसंडी मारली. त्या उन्हाळ्यात उमेदवारी मॅकगव्हर्न यांना मिळाली.

त्याच प्रचारातली दुसरी गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे. न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर शहरात ‘युनियन लीडर’ नावाचं वर्तमानपत्र होतं, त्याचे मालक विल्यम लोब मस्कींच्या मागे हात धुऊन लागलेले. मस्कींच्या पत्नीबद्दलही त्यांनी वाईटसाईट छापलं. फेब्रुवारीच्या एका सकाळी मस्की त्या वर्तमानपत्राच्या कचेरीसमोर, एका उघड्या ट्रकवर उभे राहून उत्तर द्यायला लागले. बर्फ पडत होतं. बोलता बोलता त्यांचा आवाज अडखळला, गालावर काहीतरी ओघळलं. बातम्यांत आलं, मस्की रडले. मस्की म्हणाले, ते वितळलेलं बर्फ होतं. ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे डेव्हिड ब्रॉडर हे राजकीय पत्रकारांमधलं मोठं नाव, ती बातमी देणाऱ्यांत तेही होते, आणि पुढे कित्येक वर्षांनी त्यांनी लिहिलं की ती बातमी आपल्याला टोचत राहिली आहे. बर्फ की अश्रू याचा निकाल आजही लागलेला नाही. पण ट्रकवर उभा राहून रडणारा माणूस रशियाशी काय बोलणार, हा प्रश्न तेव्हा एका ओघळावरून विचारला गेला. धोरणांवरून असे प्रश्न कमीच निघतात.

माध्यमांचा पक्षपात म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डावं-उजवं येतं. फॉक्स एकीकडे, एमएसएनबीसी (आताचं एमएस नाऊ) दुसरीकडे. तो पक्षपात आहेच, आणि तो दिसतो म्हणून त्याच्यावर उपायही आहे: चॅनेल बदला. प्रायमरीच्या काळात मात्र खरा खेळ वेगळा असतो. तिथे सगळे एकाच पक्षातले, धोरणांत उन्नीस-बीसचाच फरक. मग मोजायचं काय? तर ‘हवा’. हा शब्द आपल्या राजकारणातला, पण तिथल्या कारभाराला तो इतका चपखल बसतो की इंग्रजीवाल्यांनी तो उसना न्यावा. हवा कुणाची आहे, कुणाची भरतेय, कुणाची निघाली. माझं म्हणणं एवढंच आहे की या हवेचं माप मतांनी ठरत नाही, ‘अपेक्षे’ने ठरतं, आणि अपेक्षा ठरवणाऱ्या माणसाला कुणी निवडून दिलेलं नसतं.

हे काम पत्रकारांकडे आलं कसं, हेही बघायला हवं, कारण त्यांनी ते हिसकावून घेतलेलं नाही. १९६८पर्यंत उमेदवार बहुतेक पक्षातले बडे लोक ठरवायचे. त्या वर्षी ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक उमेदवार झाले, शिकागोच्या अधिवेशनाबाहेर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, आणि पक्षाला नियम बदलावे लागले. डेलिगेट, म्हणजे अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी, लोकांच्या मतांतून यायला हवेत, असं ठरलं. उत्तम झालं. पण पन्नास राज्यं एका दिवशी मतदान करत नाहीत. आधी आयोवा, मग न्यू हॅम्पशायर, मग बाकीची, असं महिनोन् महिने चालत आलं; डेमोक्रॅटांनी हा क्रम २०२४मध्ये बदलला. आयोवाची लोकसंख्या तीस-बत्तीस लाख, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्याएवढी. तिथून मिळणारे डेलिगेट म्हणजे समुद्रात खसखस: २०२४मध्ये रिपब्लिकन पक्षाचे एकूण २,४२९ डेलिगेट होते, त्यांतले आयोवाचे ४०. त्या चाळिसांचा ‘अर्थ’ काय लावायचा, हे सांगणारे पक्षाचे कारभारी आता उरले नव्हते. घराला धनी नाही म्हटल्यावर शेजारी कारभार बघायला लागतो, तसं झालं.

आणि शेजाऱ्याने काय कारभार केला! १९७६मध्ये आयोवात जॉर्जियाचे माजी गव्हर्नर जिमी कार्टर यांना सुमारे २८ टक्के मिळाले. सगळ्यांत वर कोण होतं? कुणीच नाही. ‘अनकमिटेड’, म्हणजे अजून कुणाचे नाही, असं म्हणणारे ३७ टक्के होते. कार्टर कुणीच-नाहीच्या मागे दुसरे आले. पण त्या रात्री ते आयोवात नव्हतेच. ते न्यूयॉर्कला होते, कारण सकाळचे टीव्ही कार्यक्रम न्यूयॉर्कहून होतात. सकाळी देशाने ‘आयोवाचा विजेता’ पडद्यावर पाहिला. कार्टर पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, आणि माणूस म्हणून ते मला आवडतात, पण त्या रात्रीचं विमानाचं तिकीट काढणारा त्यांचा सहकारी हा सगळा धंदा इतरांच्या आधी ओळखून होता हे मान्य करायला हवं.

१९८४मध्ये तर कमाल झाली. आयोवात वॉल्टर मॉन्डेल यांना ४९ टक्के, गॅरी हार्ट यांना साडेसोळा. तिप्पट. पण हार्ट यांच्याकडून कुणी काही धरलं नव्हतं, त्यामुळे साडेसोळा टक्क्यांची बातमी झाली आणि ४९ टक्के म्हणजे ‘त्यात काय, होणारच होतं’. आठ दिवसांनी न्यू हॅम्पशायरमध्ये हार्ट ३७, मॉन्डेल २८. आठ दिवसांत हार्ट यांनी नवीन काही सांगितलं नव्हतं. आठ दिवस त्यांचा फोटो मात्र सगळीकडे होता. मग उलट फेरा आला. १३ मार्चला पाच राज्यांत प्रायमरी झाल्या. हार्ट यांनी फ्लोरिडा, मॅसॅच्युसेट्स आणि रोड आयलंड घेतलं, मॉन्डेल यांनी जॉर्जिया आणि अलाबामा. तीन विरुद्ध दोन. पण तोपर्यंत मॉन्डेल संपले, असं सांगून झालेलं होतं, म्हणून दोन राज्यं राखणारे मॉन्डेल ‘परत आले’. हार्ट यांना जी शिडी मिळाली होती तीच मॉन्डेल यांना लावून दिली. एकाच हंगामात एकच खोटं माप दोघांच्या उपयोगी पडलं, यावरून त्यात कुणा एकाविरुद्ध कट नव्हता हे तरी दिसतं.

१९९२मध्ये बिल क्लिंटन यांनी हे माप स्वतःच हातात घेतलं. न्यू हॅम्पशायरमध्ये पॉल साँगस ३३, क्लिंटन २५. बायकांच्या नि लष्करभरतीच्या भानगडींत ते बुडणार, अशी चर्चा होती; न बुडता दुसरे आले. शिवाय साँगस शेजारच्या मॅसॅच्युसेट्सचे, म्हणजे मस्कींचं दुखणं त्यांच्याही वाट्याला. त्या रात्री पूर्ण निकाल हाती यायच्या आतच क्लिंटन व्यासपीठावर गेले आणि न्यू हॅम्पशायरने आपल्याला ‘कमबॅक किड’ बनवलं आहे, असं जाहीर करून मोकळे झाले. मथळा त्यांनीच पुरवला. साँगस जिंकल्याचं आज किती जणांना आठवतं?

आपले पुढारी याबाबतीत अगदी भोळे आहेत. शंभर टक्के आपणच निवडून येणार, डिपॉझिट जप्त करून दाखवतो, अशी भाषा. अमेरिकेतला मुरलेला प्रचारप्रमुख आयोवाच्या आदल्या दिवशी रडका चेहरा करून सांगतो की आम्हाला तिसरा नंबर आला तरी आनंद आहे. मग दुसरा आला की दिवाळी. हे सगळ्या पत्रकारांना माहीत असतं, ते एकमेकांत त्यावर हसतातही, आणि संध्याकाळी तीच पट्टी लावून मोजतात. मला याचा राग येतो तो इथे. फसवलं जाणं समजू शकतं. फसवण्याचे नियम पाठ असूनही खेळत राहणं नाही.

हवा भरण्याबद्दल एवढं. निघण्याचं उदाहरण हॉवर्ड डीन. व्हरमाँटचे माजी गव्हर्नर, डॉक्टर, इराक युद्धाला विरोध करणारे. २००३च्या ऑगस्टमध्ये ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन्ही साप्ताहिकांच्या मुखपृष्ठांवर ते झळकले. इंटरनेटवरून छोट्या छोट्या देणग्या गोळा करायची पद्धत त्यांच्या प्रचाराने रुळवली. एकाही माणसाने अजून मत दिलेलं नव्हतं आणि डीन यांची उमेदवारी जवळपास ठरल्यासारखं लिहिलं जात होतं. १९ जानेवारी २००४ला आयोवाने मत दिलं: जॉन केरी ३८, जॉन एडवर्ड्स ३२, डीन १८.

त्या रात्री डेस मॉइन्सजवळच्या एका नाचघरात डीन यांचे हजारो कार्यकर्ते जमले होते, बरेचसे कॉलेजातली पोरं, गावोगाव थंडीत दारं ठोठावून आलेली. त्यांना धीर द्यायला डीन बाह्या सरसावून वर चढले. आता न्यू हॅम्पशायरला जाऊ, साउथ कॅरोलायनाला जाऊ, अशी राज्यांची नावं घेत घेत शेवटी त्यांनी एक आरोळी ठोकली. सभागृहात इतका गदारोळ होता की पुढच्या रांगेतल्यांनाही ती धड ऐकू आली नाही. पण त्यांच्या हातातला माइक आजूबाजूचा आवाज गाळणारा होता, आणि टीव्हीच्या गाड्यांकडे जाणारी वायर त्या माइकची. म्हणून घरात बसलेल्या माणसाला ऐकू आला तो शांततेत एकटाच किंचाळणारा माणूस. आपल्याकडच्या लग्नाच्या व्हिडिओत डीजेचा आवाज बंद करून नुसता नाचणारा काका दाखवावा, तसं. चार दिवसांत राष्ट्रीय वाहिन्यांवर ती किंकाळी ६३३ वेळा वाजली, अशी मोजणी तेव्हा झाली. नंतर एबीसीच्या डायान सॉयर यांनी सभागृहातल्या इतर टेपा वाजवून फरक दाखवला; तोपर्यंत वरात निघून गेली होती.

आता इथे एक गोष्ट लोक सोयीस्करपणे विसरतात. किंकाळीने डीन हरले नाहीत. किंकाळीच्या आधीच तिसरे आले होते. ज्या माध्यमांनी ऑगस्टमध्ये त्यांना डोक्यावर घेतलं होतं त्यांचं भाकीत आयोवाच्या शेतकऱ्यांनी आणि शिक्षिकांनी साफ पाडलं होतं. अशा वेळी ‘आमचं चुकलं’ म्हणण्यापेक्षा ‘हा माणूसच विक्षिप्त निघाला’ म्हणणं सोपं. डोक्यावर घेणं आणि आपटणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. पहिलीचा हिशेब चुकला की दुसरीने तो मिटवतात. २००७मध्ये वर्षभर रिपब्लिकन पाहण्यांत पुढे असलेले रूडी जुलियानी, २०१९च्या वसंतात ‘व्हॅनिटी फेअर’च्या मुखपृष्ठावर आलेले आणि आयोवाच्या कितीतरी आधी, नोव्हेंबरातच घरी गेलेले बेटो ओरूर्क, २०२२च्या गव्हर्नरपदाच्या विजयानंतर ‘न्यूयॉर्क पोस्ट’ने ज्यांना पक्षाचं भविष्य ठरवलं ते रॉन डीसँटिस: रांग लांब आहे, आणि त्यांत डावे-उजवे दोन्ही आहेत.

हवा नाकारण्याचंही एक तंत्र आहे. ऑगस्ट २०११मध्ये आयोवातल्या एम्स गावी रिपब्लिकनांचं नमुना मतदान झालं. मिशेल बाकमन यांना ४,८२३ मतं, रॉन पॉल यांना ४,६७१. फरक १५२चा. दुसऱ्या दिवसापासून बाकमन सगळीकडे. तिसरे आलेले टिम पॉलेंटी शर्यत सोडून गेले, त्यांच्या जाण्याच्याही बातम्या. आणि एम्समध्ये उतरलेलेच नसलेले टेक्ससचे रिक पेरी तर नायकच. रॉन पॉल मात्र मधल्या मध्ये गायब. म्हणजे दुसरा आला तो जिंकला, हा नियमही सगळ्यांना लागू नाही. ज्याची उमेदवारी ‘गंभीर’ नाही असं आधीच ठरलंय, तो दुसरा आला तरी कुठेच येत नाही. पॉल यांची मतं मला स्वतःला पटत नाहीत. सोन्याच्या नाण्यांवर देश चालवायची भाषा करणारा माणूस मला राष्ट्राध्यक्ष म्हणून नको. पण ते मी ठरवीन, मोजणाऱ्याने नव्हे.

पुढच्याच जानेवारीत त्याच आयोवात मिट रॉम्नी ८ मतांनी जिंकल्याचं रात्री जाहीर झालं. रॉम्नी विजेते म्हणून न्यू हॅम्पशायरला गेले, तिथेही जिंकले, ‘दोन्ही जिंकले’ म्हणून त्यांचं कौतुक झालं. १९ जानेवारीला पक्की मोजणी आली: रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे, आणि आठ मतदान केंद्रांचे कागद तर सापडतच नाहीत. सँटोरम यांना त्यांचा विजय सोळा दिवसांनी मिळाला. शिळ्या भाकरीसारखा. कायद्याने बघितलं तर या आठ किंवा चौतीस मतांनी डेलिगेटांमध्ये काडीचा फरक पडत नव्हता. फरक पडत होता तो फक्त त्या रात्रीच्या मथळ्यात, आणि मथळा गेला होता.

मग २०१६. त्या वर्षीचा पक्षपात हा विचारसरणीचा होता असं अजून दोन्ही बाजूंचे लोक सांगतात. हिलरी क्लिंटन यांच्याविरुद्ध डेमोक्रॅटिक उमेदवारी मागणाऱ्या बर्नी सँडर्स यांचे समर्थक म्हणतात, आमच्या माणसाला दाबला. ट्रम्प यांचे समर्थक म्हणतात, आमच्या माणसाला झोडपला. दोघांचं थोडं थोडं खरं आहे, पण १५ मार्चची रात्र आठवा. त्या रात्री मोठ्या राज्यांचे निकाल लागत होते. सँडर्स फीनिक्समध्ये भर सभेत बोलत होते. सीएनएन, फॉक्स आणि एमएसएनबीसी, म्हणजे एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या तिन्ही वाहिन्या, त्या वेळी फ्लोरिडात ट्रम्प यांच्या भाषणाची वाट बघत होत्या. मोकळं व्यासपीठ, मागे झेंडे. एक माणूस बोलत होता तो दाखवायचा नाही, आणि एक माणूस अजून यायचा आहे त्याची जागा दाखवायची. आपल्याकडे सभेत प्रमुख पाहुणे यायच्या आधी रिकाम्या खुर्चीला हार घालून ठेवत नाहीत, एवढाच काय तो फरक.

याचं कारण विचारसरणीत शोधू नका. त्याच्या दोन आठवडे आधी सीबीएस वाहिनीचे तेव्हाचे प्रमुख लेस मूनव्हेस एका गुंतवणूकदारांच्या परिषदेत बोलून गेले होते की हे अमेरिकेसाठी चांगलं नसेल कदाचित, पण सीबीएससाठी जबरदस्त आहे. इतकं प्रांजळ वाक्य या धंद्यात क्वचित ऐकू येतं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मार्च २०१६मध्ये मीडियाक्वांट या कंपनीचा हिशेब छापला: ट्रम्प यांनी जाहिरातींवर खर्च केले सुमारे १ कोटी डॉलर, आणि फुकटच्या प्रसिद्धीची किंमत झाली जवळपास २०० कोटी. हार्वर्डच्या शोरेनस्टीन सेंटरमधले थॉमस पॅटर्सन यांनी २०१५ची बातमीदारी तपासली तेव्हा तर आणखी गंमत निघाली. ट्रम्प यांच्याबद्दलच्या बातम्यांचा सूर त्या वर्षी, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘वॉशिंग्टन पोस्ट’सकट, एकंदर अनुकूल होता, सगळ्यांत प्रतिकूल सूर हिलरी क्लिंटन यांच्या वाट्याला होता. उदारमतवादी वर्तमानपत्रांना ट्रम्प आवडायला लागले होते का? अर्थातच नाही. पण बातम्या होत्या शर्यतीच्या. आज पुढे, उद्या आणखी पुढे. पुढे असणं ही चांगली बातमी, आणि चांगली बातमी म्हणजे अनुकूल सूर. शंकरपटाच्या मैदानात कुठली जोडी पुढे हेच बघायचं असेल तर बैल मारका आहे की नाही, हे कोण विचारणार?

डेमोक्रॅटिक बाजूलाही हेच माप वेगळ्या अंगाने चाललं. ६ जूनच्या रात्री, कॅलिफोर्नियाच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, एपी या वृत्तसंस्थेने जाहीर केलं की हिलरी यांच्याकडे पुरेसे डेलिगेट जमले. त्यात सुपरडेलिगेट धरले होते, म्हणजे पक्षाचे पदाधिकारी आणि लोकप्रतिनिधी, ज्यांनी खरं मत जुलैतल्या अधिवेशनात द्यायचं होतं. एपीने फोन करकरून त्यांना विचारलं होतं. बातमी म्हणून अचूक. हिलरी यांना मतंही खरोखर जास्त होती, त्या तशाही जिंकल्या असत्या. पण देशातल्या सर्वांत मोठ्या राज्याचा मतदार सकाळी उठला तो सामना संपल्याची बातमी वाचत. एक दिवस थांबलं असतं तर काय बिघडलं असतं, याचं पटेल असं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

एक आक्षेप नेहमी येतो: माध्यमांना एवढी ताकद असती तर डीन, जुलियानी, डीसँटिस पडले नसते. लोक शहाणे आहेत. बरोबर आहे, आणि २०२०चे बायडन हे याचं उत्तम उदाहरण. आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे; त्यांच्या श्रद्धांजल्या लिहून तयार होत्या. मग साउथ कॅरोलायनाच्या कृष्णवर्णीय मतदारांनी, खासदार जिम क्लायबर्न यांचा शब्द ऐकून, त्यांना जवळपास ४९ टक्के दिले. वर्तमानपत्रांपेक्षा आपल्या खासदारावर त्यांचा जास्त विश्वास होता, आणि ते चुकीचं नव्हतं. पण पुढचे तीन दिवस बघा. २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायना, ३ मार्चला चौदा राज्यं. एका राज्याच्या निकालाची अशी हवा झाली की ज्या मॅसॅच्युसेट्समध्ये आणि मिनेसोटामध्ये बायडन यांचा धड प्रचारही नव्हता, तिथेही ते जिंकले. चौदांपैकी दहा त्यांची. बुटिजेज आणि क्लोबुशार या प्रतिस्पर्ध्यांनी माघार घेऊन पाठिंबा दिला, हे खरंच मोठं कारण होतं. तरी उरलेलं काम हवेने केलं. त्याच वेळी मायकेल ब्लूमबर्ग यांनी ५० कोटी डॉलरहून जास्त ओतून अमेरिकन सामोआ हा चिमुकला बेटांचा प्रदेश, एवढंच पदरात पाडलं. पैशाने जाहिरात मिळते. हवा विकत मिळत नाही.

आणि ही हवा फक्त तिकडे भरतात असं समजू नका. २०१८मध्ये बेळगावचे श्री ठाणेदार मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले, तेव्हा आपल्याकडच्या ग्रुपांवर ते जणू शपथविधीलाच निघाले होते. सुरुवातीच्या पाहण्यांत ते पुढे होतेही, कारण स्वतःच्या खिशातून टीव्हीवर जाहिराती देणारे ते आधीचे होते. ऑगस्टमध्ये ग्रेचन व्हिटमर ५२ टक्के घेऊन जिंकल्या, अब्दुल एल-सय्यद दुसरे, ठाणेदार तिसरे. चार वर्षांनी ते काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेले, तो त्यांचा खरा विजय. पण २०१८मध्ये व्हिटमर कोण, त्यांचं म्हणणं काय, हे मराठीत वाचल्याचं मला आठवत नाही. आपला माणूस धावतोय म्हटल्यावर बाकीचे घोडे दिसत नाहीत. दूरच्या माणसाला पक्षपाताची नावं ठेवताना ही आपली पट्टीही डोळ्यांवर होती हे लक्षात ठेवलेलं बरं.

२०२४ची आयोवा मी सकाळी चहा घेत पाहिली. आदल्या दिवशी संक्रांत झाली होती, आपल्याकडे किंक्रांतीची सकाळ, तिकडे १५ जानेवारीची रात्र. तिथल्या सातला, म्हणजे आपल्या साडेसहाला, कॉकस सुरू झाले. कॉकस म्हणजे लोक शाळेत, चर्चमध्ये जमतात, उमेदवारांच्या बाजूने कुणीतरी उठून बोलतं, मग चिठ्ठ्या टाकतात. सात वाजून गेले, डब्यातले उरलेले तिळगूळ मी तोंडात टाकत होतो आणि एपीने ट्रम्प जिंकल्याचं जाहीर केलं. सुरुवात होऊन जेमतेम अर्धा तास. कित्येक ठिकाणी भाषणं चालू होती, चिठ्ठ्या पडायच्या होत्या, आणि लोकांच्या खिशातले फोन वाजले. डीसँटिस यांच्या लोकांनी आरडाओरडा केला. ट्रम्प यांना ५१ टक्के मिळाले, डीसँटिस यांना २१, म्हणजे निकाल बरोबरच होता. पण उभं राहून आपल्या उमेदवाराबद्दल दोन वाक्यं बोलणाऱ्या त्या गावच्या माणसासमोर, ऐकणाऱ्यांचे फोन उजळत असतील, तो क्षण मला अजून खटकतो.

उपाय काही अवघड नाही, आणि म्हणूनच तो होत नाही. ‘अपेक्षेपेक्षा’ हा शब्द निकालाच्या बातमीतून काढून टाका. मतं किती, डेलिगेट किती, अजून किती राज्यं उरली, एवढं सांगा. मतदान चालू असताना गप्प बसा. वर्षभर आधीच्या देशव्यापी पाहण्या छापूच नका. जुलियानींना विचारा त्यांची किंमत. मुद्दा असा की मग बातमी कंटाळवाणी होते. ४९ विरुद्ध साडेसोळा याला कथा लागत नाही. आणि कथा नसेल तर सकाळच्या कार्यक्रमात बोलावणार कुणाला?

कथा कशी करायची हे आता मतदारही शिकले आहेत. २७ फेब्रुवारी २०२४ला मिशिगनमध्ये गाझाच्या प्रश्नावर बायडन यांचा निषेध म्हणून ‘अनकमिटेड’वर खूण करा, अशी मोहीम चालली. आयोजकांनी आधीच सांगून ठेवलं होतं की आमचं लक्ष्य १०,००० मतांचं आहे. पडली एक लाखावर. देशभर मथळे झाले, आणि त्यांची तक्रार व्हाइट हाउसपर्यंत पोचली, जी पोचायला हवीच होती. टक्केवारी मात्र होती १३. २०१२मध्ये त्याच मिशिगनमध्ये, ओबामा एकटेच उभे असताना, कुठलीही मोहीम नसताना, ‘अनकमिटेड’ला १०.७ टक्के पडले होते. त्याची कुठे ओळभर बातमी झाल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. आणि १९७६च्या आयोवातले ते ३७ टक्के, जे कार्टरच्याही वर होते, त्यांना त्या सकाळी न्यूयॉर्कच्या स्टुडिओत कुणी बोलावलं नाही. त्यांनी आधी आकडा सांगून ठेवला नव्हता.